फुलांच्या गाण्यांना दिलेली दाद

ऐन वेळी मुक्ताने येणं कॅन्सल केलं. "सॉरी आई, ऑफिसचा कॉल आलाय. कॅब बुक करते, घ्यायला मी येईन." झालं, डब्लिनहून शेजारच्या गावातल्या चर्चमधल्या गाण्याच्या कार्यक्रमाला मी एकटीच. हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोचं. माझी लेक इथे एकटी राहते आणि मी नाशिकहून तिच्याकडे आले होते. मी आता कायमचं इथेच राहावं, असा तिचा हट्ट. परतताना गाडीत काय ते सांगते, असं मी म्हटलं होतं.

वाटेत कापणी झालेली मक्याची शेतं. माणूस दिसेल तर शपथ. कॅबवाला चढताना 'हाय' म्हणाला, उतरताना 'बाय'. मधलं सगळं नकाशातली बाई बोलली.

एका इंग्रज संगीतकाराने जुन्या कवींच्या फुलांवरच्या कविता घेऊन बांधलेली गाणी होती. साथीला पेटी नाही, तंबोरा नाही. संचालकाने छोट्याशा पिपाणीतून सूर दिला आणि गाणारे एकाच वेळी चार वेगळ्या सुरांच्या वाटांनी निघाले. जन्मभर गाणं शिकवलं मी, पण कोणाच्या मागे जावं तेच कळेना. मग संध्याकाळी उमलणाऱ्या एका फुलाचं गाणं आलं. आपली गुलबक्षी उमलते ना, तसंच. चारही वाटा हळूच एका सुरावर येऊन टेकल्या आणि माझ्या तोंडून गेलं, "वा!"

सगळ्या माना वळल्या. इथे गाण्यात चकार शब्द काढायचा नसतो, टाळ्यासुद्धा सगळी गाणी संपल्यावरच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारची जागा रिकामी. मुक्ता असती तर निदान चिमटा तरी काढला असता.

नंतर तळघरात कॉफी आणि लेमन बार (लिंबाच्या सारणाची वडी) होते. मी कोपरा धरला. गाणाऱ्यांतली एक पांढऱ्या केसांची बाई सरळ माझ्याकडेच आली. म्हटलं, आता खा बोलणी.

"तो आवाज तुमचाच ना? अर्थ काय त्याचा?"

मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की गाणं पोचलं, हे गाणाऱ्याला तिथल्या तिथे कळवायची आमची रीत.

"घरी मी एकटीच असते," ती म्हणाली. "रोज याच गाण्यांचा सराव करते. पोचलं, असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं." आणि माझा हात धरून उभी राहिली. अमेरिकेत आल्यापासून परक्या माणसाने असा हात धरला नव्हता.

गाडीत बसल्याबरोबर मी त्या फुलाच्या गाण्याची ओळ गुणगुणायला लागले. मुक्ताने ओठांवर बोट ठेवलं. कॉल चालूच होता. तो संपल्यावर म्हणाली, "हां आई, बोल ना."

"तिकीट काढ माझं. नाशिकला जाते. तिथे माझं ऐकणारी चार माणसं आहेत गं."

तिने गाडी कडेला घेतली. मग म्हणाली, "आणि माझं ऐकणारं?"

हे नाशिकहून लिहितेय. पूर्वी मुक्ताचा फोन 'ठेवते गं' म्हणतच सुरू व्हायचा. आता ती बोलतच राहते, आणि गॅसवरची भाजी करपली तरी मी ऐकत बसते.