येळवसेच्या दिवशी बेकरी बंद का होती

नाताळच्या ऑर्डरी तोंडावर असताना मी बेकरीला कुलूप लावून गेले कुठे, हे लोहाऱ्यातला प्रत्येक माणूस मला विचारतोय. सांगून सांगून कंटाळले. म्हणून एकदाच लिहिते... पुन्हा विचारू नये.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. आमच्याकडे मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. सगळं गाव शेतात जेवायला जातं, बाजारपेठ ओस पडते. यंदा ती नाताळच्या आदल्या दिवशी आली.

माझे कामगार सकाळीच पसार झाले. मी एकटीच भट्टीवर. शालिनी सिस्टरच्या चर्चचे केक दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला पोचायला हवे होते, शिवाय नेहमीचे पाव.

सकाळी जळकोटहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. ती आता कायमची मुलाकडे पुण्याला चाललीये, शेत वाट्यानं दिलंय. दरवर्षी बोलावते, दरवर्षी माझं उत्तर ठरलेलं. पण यंदा ती सरळ म्हणाली, "पुढल्या साली म्या न्हाय. पांडवांचं कुणाच्या हाती द्यायचं, एवढं येऊन सांग. न्हायतर आंबील शिंपून आजच मिटवते सगळं."

पांडव म्हणजे शेतातले पाच दगड. आमच्या आईनंतर आक्काच त्यांना चुना लावते, त्यांच्यावर कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालते. मिटवते म्हणाली, तरी मी म्हटलं, वेळ नाही. फोन ठेवला.

दुपारी दारात एक म्हातारा आला. लाल लोकरीची कानटोपी, छातीपर्यंत पांढरी दाढी, खांद्यावर पोतं. कृपा करून सांताक्लॉज म्हणू नका, धोतर होतं.

"बाई, येळ हाय का?" त्यानं विचारलं.

हात पिठात होते. "नाही," मी म्हटलं. तो "बरं" म्हणाला आणि गेला.

त्यानंतर काहीच होईना. पावाचं पीठ फुगेना. केक भट्टीत टाकले, भट्टी इतकी तापलेली की जवळ उभं राहवेना... आणि साच्यातलं मिश्रण ओतलं तसं पातळ. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. यीस्ट मेलं असेल म्हणून नवं पाकीट फोडलं. तेही ढिम्म.

मग घड्याळ बघितलं. काटा थांबलेला. सेल बदलले, तरी थांबलेला. मोबाइलवरही तेच आकडे. काउंटरच्या काचेवर उन्हाचा एक चौकोन पडतो, दुपार सरते तसा तो बरण्यांकडे सरकतो. तो जागचा हलला नव्हता... बाहेर मात्र समोरच्या बंद दुकानाची सावली पार रस्ता ओलांडून आली होती.

त्याच दुकानाच्या पायरीवर म्हातारा हरभऱ्याचे घाटे सोलत बसला होता. मी तरातरा गेले. काय केलंत म्हणून फैलावर घेतलं.

"म्या काय केलं? म्या इचारलं, येळ हाय का, म्हंजी घरात येळवस हाय का. तुमी म्हणलात न्हाय."

"मला वाटलं, वेळ आहे का विचारताय."

"मग ती बी न्हायच म्हणलात की." तो हसला. "जिथं न्हाय, तिथं ती ऱ्हाईल कशाला?"

बरं, आहे म्हणते, मी म्हटलं. मला केक द्यायचेत उद्या.

"नुसतं म्हणून न्हाय भागत, बाई. कुणाला तरी द्यावी लागती." आणि घाट्यांची मूठ माझ्यापुढे धरली.

मी घाटे घेतले नाहीत. वाद घालत बसले नाही. आत जाऊन भट्टी बंद केली, कुलूप लावलं, स्कूटी काढली आणि जळकोटची वाट धरली. वाटेत दोनदा वाटलं, मागं फिरावं... ऊन उतरत चाललं होतं आणि आक्का बोलते तसं करते, हे मला माहीत आहे.

पोचले तेव्हा ती बिंदगं, म्हणजे आंबिलाचं ते मातीचं भांडं, कमरेवर घेऊन बांधावर उभी होती. शेवटचं शिंपण राहिलं होतं. मला बघून एवढंच म्हणाली, "चप्पल काढ." मग आम्ही दोघी पिकातून आंबील शिंपत फिरलो. ती कानडीतली आरोळी देत होती, मी मागून देत होते. अर्थ दोघींनाही माहीत नाही. भज्जी, म्हणजे येळवसेची ती शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी, गार झाली होती, बाजरीचे उंडे कडक... मी तीनदा मागून घेतली. तिन्हीसांजेला चूड, म्हणजे कडब्याची मशाल, पेटवून पिकाभोवती फेरी घातली.

परत येऊन शटर उचललं. बाहेर अंधार, आणि आत काउंटरवर दुपारचं ऊन. तोच चौकोन. बघता बघता घड्याळ टिकटिकलं. मी भट्टी पुन्हा पेटवली. इतका वेळ पडलेलं मिश्रण बसायला हवं होतं... केक असे फुगले की साच्याबाहेर डोकावले. त्या उन्हात मी सगळं काम उरकलं. शेवटचा साचा निघाला आणि ऊन विझलं.

शालिनी सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी केक मोजून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "नाताळात होतं असं." म्हाताऱ्याला गावात दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. मी चौकशी थांबवली आहे.

आता काय दिलं-घेतलं, ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

आक्काकडून मला: आंबिलाचं बिंदगं, चुना लावायचा कुंचा, आणि पाच पांडव, जागेवरच.

माझ्याकडून आक्काला: पुढच्या येळवसेचा अख्खा दिवस, उजाडल्यापासून चूड विझेपर्यंत. पुण्याहून तिला आणायला मी स्वतः जाणार. तिनं तो दिवस लगेच पदरात घेतला आणि म्हणाली, "आता परत मागू नगंस."