पिस्तूल कुठल्या हाताचं

बंदुकीच्या दुकानात मी साडी नेसून गेले, हे पहिलं चुकलं. दुकानदार शेठ आधी माझ्या मागे बघत राहिले, बरोबर कोणी पुरुषमाणूस आहे का म्हणून. कोणी नव्हतं. मग त्यांनी परवाना दोनदा वाचला, काचेच्या टेबलावर हिरवं फडकं पसरलं आणि त्यावर दोन पिस्तुलं ठेवली.

"दोन्ही पॉइंट टू टू, खेळाचीच आहेत," ते म्हणाले. "हे हलकं, हे जरा वजनदार. ताई, तुमचा हात कुठला?"

इतका सोपा प्रश्न. बँकेत मी उजव्या हाताने सही करते, उजव्या हाताने नोटा देते, घरी उजव्या हाताने जेवते. 'उजवा' म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. शेवटी "विचार करून सांगते," असं म्हणून मी मेनरोडच्या गर्दीत बाहेर पडले. आपला हात कुठला हे ठरवायला मुदत मागणारं गिऱ्हाईक शेठनी पहिल्यांदाच पाहिलं असणार.

हा घोळ नेमबाजीच्या क्लबात सुरू झाला. एका जागी उभं राहून, श्वास धरून, एका हाताने गोळी मारायची, हे मी आधीपासून करत होते आणि बऱ्यापैकी करत होते. मग आमच्या सरांनी, ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, प्रॅक्टिकल शूटिंग सुरू केलं. त्यात उभं राहायचं नसतं. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत धावायचं, आडोशामागून वळायचं, कागदी लक्ष्यं आणि लोखंडी तबकड्या पाडायच्या, मध्येच रिकामं मॅगझिन टाकून दुसरं भरायचं, आणि सगळं घड्याळावर. विचार करायला फुरसत नाही. आणि विचार थांबला की माझं पिस्तूल उजव्या हातातून डाव्या हातात जायला बघायचं.

सरांनी दोनदा मला मध्येच थांबवलं. नळी समोर ठेवून पिस्तूल खाली ठेवायला लावलं. मग दोन्ही तळव्यांची खिडकी करून त्यातून लांबचा दिवा बघायला सांगितला, एकेक डोळा मिटायला लावला आणि म्हणाले, "मॅडम, नेमाचा डोळा तुमचा डावा आहे. हाताचं मला सांगता येत नाही. तुमचा उजवा शिकवलेला वाटतो."

हलक्या पिस्तुलाचे सगळे खटके उजव्या अंगठ्याखाली यायचे, मूठही उजव्या तळव्याची. क्लबाचं पिस्तूल तसंच, त्यामुळे सवयीचं. वजनदाराला डाव्या हाताची मूठ मागवता येत होती आणि खटके उलट्या बाजूला बसवून मिळत होते. परवान्यावर एकच लिहिलं जाणार होतं आणि खरेदीची मुदत संपत आली होती. क्लबात सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणे डोळ्याचं ऐका, दुसरा म्हणे या वयात हात बदलू नका, तिसरा म्हणे चष्म्याच्या डाव्या काचेला चिकटपट्टी लावा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे मलाही ठाऊक आहे. पण मनाला विचारलं तर ते माझ्याकडेच बघायचं.

हात शिकवला होता आईने. वडील गेल्यावर तिने पंचवटीत, रामकुंडापासून जवळच, खाणावळ चालवली. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, विधींसाठी येणारी माणसं आमच्याकडे जेवायची. मी डावखुरी. पोळी वाढायला डावा हात पुढे आला की एखादा पाहुणा पानावरून उठून जायचा, आणि मागोमाग त्याच्याबरोबरची सगळी. आईने जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि पंगतीच्या वेळी माझा डावा हात कमरेला बांधायला लागली. रागाने नाही, वेणी घालावी तशी. "सासरी काय म्हणतील?" हेही वरून असायचंच. सासर काही आलं नाही. हात मात्र उजवा झाला.

आणि आता गेल्या हिवाळ्यात आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय थोडा सुधारला, बोलणं बरंच परत आलं, हात मांडीवर ठेवला तसाच राहतो. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताने जेवायची सवय करा. आईने डॉक्टरांसमोर मान हलवली आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "त्या हाताने काय धुतात ते त्यांना माहीत नाही का?"

चमच्यानेही नाही. भरवलं तरच जेवायची. सकाळ-संध्याकाळ मी भरवायचे, दुपारी शेजारीण. ती लग्नासाठी येवल्याला गेली आणि दुपारचा प्रश्न उभा राहिला. ताट झाकून ठेवलं तर संध्याकाळी ते तसंच असायचं. दोन दिवसांत तिची गालफडं बसल्यासारखी वाटली. मग मी रजा टाकायला लागले, रजा संपत आल्या, साहेबांचा चेहरा बदलला. ही बाई उपाशी मरेल पण डावा हात ताटात घालणार नाही, असं मला वाटायला लागलं आणि मला तिचा भयंकर राग आला. त्याच वेळी मी पिस्तूल घ्यायला निघाले होते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर नव्हतंच.

सरांनी घरी सवयीसाठी पिस्तुलाच्या आकाराचा लाकडी ठोकळा दिला होता. दुकानातून आले त्या संध्याकाळी मी तो घेऊन कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. उजव्यात धरला. डाव्यात धरला. उजव्यात मी नीट दिसत होते, बँकेच्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखी. डाव्यात खांदा आपोआप खाली आला, पण बोटं नवखी वाटत होती. आई पलंगावरून बघत होती.

"काय चाललंय गं?"

मी सांगितलं. मुदत, मूठ, डोळा, सगळं.

"कुठल्या हातात बरं वाटतं?"

"तेच कळत नाही."

तिने माझ्या हातातल्या ठोकळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी बाहेर पैसे घ्यायला बसले की तू आत डाव्या हाताने कांदा चिरायचीस."

मी वळले. हे जगात कोणाला माहीत नाही, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

"आवाजावरून कळायचं. उजव्याने चिरलास की टक्, मग थांबणार, मग टक्. डाव्याने सरसर चालायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"आत पंगत कुठे होती?" आई म्हणाली. "कांदा कापून होत होता ना."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि नेमका राग कशाचा धरायचा तेही कळेना. ठोकळा मी कपाटात ठेवला आणि तिला भरवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईचं ताट कालवून पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, तिच्या डाव्या हाताला. "दुकानात वेळ लागेल," मी म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

शेठनी पुन्हा तीच दोन पिस्तुलं काढली. मी म्हणाले, "डावा." आणि पावतीवर सही केली ती उजव्या हाताने. शेठनी सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि धंद्यात मुरलेल्या माणसासारखी पावती फाडून दिली. मूठ मागवायची होती, म्हणून मी रिकाम्या हाताने निघाले. रिक्षात सगळा वेळ वाटत होतं की परत जावं आणि उजवा सांगावं. आजही सराव करताना कधीकधी वाटतं.

घरी आले. शेजारणीच्या दाराला कुलूप होतंच. आत आले तर ताट रिकामं.

"शेजारीण येऊन भरवून गेली," आई म्हणाली.

तिच्या गाऊनची डावी बाही वरणाने पिवळी झाली होती. चादरीवर डाव्या अंगाला शितं सांडली होती, थोडी हनुवटीवरही. मी फडकं ओलं करून आणलं.

"पोटभर भरवलं का?"

"कसलं! तिला कुठे नीट भरवता येतं? अर्धं खालीच."

मी शितं वेचली, बाही पुसली. 

"तू उद्या बँकेत जा," आई म्हणाली. "ती येईल. वरण तेवढं घट्ट कर, तिच्या हातून सांडतं."