मोटरीचा नंबर

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या फोनवरून सगळ्यात जास्त फोन जातात ते शेतातल्या मोटरीला. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड आहे. ठरलेल्या नंबरवरून फोन गेला की पंप सुरू होतो आणि एक बाई शुद्ध मराठीत कळवते, मोटर चालू झाली आहे. इतकं मुकाट्यानं त्यांचं ऐकणारं दुसरं कोणी नाही, असं आई म्हणते.

लकव्यानं आबांचा उजवा हात गेला तेव्हा मी धुळ्याहून त्यांच्यासाठी टचचा फोन घेऊन धरणगावजवळच्या आमच्या गावी आलो. मोठी काच, मोठे आकडे, नातवंडांची तोंडं दिसणार. पण तो फोन एका हातात धरायचा आणि दुसऱ्या हातानं चालवायचा, अशा बेतानं घडवलेला. आबांच्या एका पंजात तो मावेना, अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोचेना. त्यात जन्मभर शेतात राबून निबर झालेलं ते बोट, काचेला कळतही नव्हतं. त्यांनी तो आईकडे दिला आणि जुना बटणांचा फोन मागितला. त्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत, पण पाचावरचा बारीक उंचवटा शाबूत आहे. तेवढ्यावरून डावा अंगठा बाकीचे आकडे शोधून काढतो. फोन बनवणाऱ्या कुणीतरी ही टिकली ठेवायचा विचार केला, याचं मला तेव्हापासून फार कौतुक वाटतं.

शेत निमबटाईनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरलं, तेव्हा आबांनी पिकाबद्दल, वाट्याबद्दल फारसं विचारलं नाही. त्यांना एकच घोर लागला होता: पेटीतून आपला नंबर काढतील का? शेतापर्यंत चालत जाणं संपलं होतं. आता फोनवरचं ते बटणही गेलं की शेताशी आपला संबंध उरणार तो सातबाऱ्यापुरता, असं त्यांना वाटत होतं. बोलले नाहीत, पण जेवणावरची वासना उडाली. मला ते बघवत नव्हतं.

शेत करणारा गावातलाच, माझ्याहून लहान. त्यानं नंबर काढला नाही. उलट पाणी भरायचं असलं की त्याचा फोन येतो, "आबा, मोटर चालू करी द्या." आबा हातातला चहा बाजूला ठेवून बटणं दाबतात.

गेल्या रविवारी मी शेतात गेलो. वीज आलेली, पेटी घूं करत होती आणि तो तिला टेकून उभा होता. मोटर सुरू करायचं हिरवं बटण त्याच्या कोपराशीच. ते सोडून त्यानं खिशातून फोन काढला आणि आबांना लावला. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळला.

घरी येताना ठरवलं, आबांना यातलं काही सांगायचं नाही. पण ओट्यावर बसलेल्या आबांनीच विचारलं, "तो पेटीजोडेच उभा व्हता ना?"

मी वाकून चपला काढू लागलो.

"फोनमा पेटीना घूं आवाज येस माले. पहिलापासून येस." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "तू तेले काही बोलू नको. नहीतं तो फोन करनं बंद करी."