निर्माल्याची जागा

आमच्या गौरीच्या गळ्यात सोन्याची एक पुतळी असायची. आईच्या पुतळ्यांच्या माळेतली. आई थकली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं ती माळ उसवली आणि आम्हा बहिणींत एकेक पुतळी वाटली. म्हणाली, माझ्यामागं भांडू नका, आत्ताच घ्या. मला तेव्हा कुवेतला नर्स म्हणून येऊन दोन वर्षं झाली होती. पुतळी पर्समध्ये घालून आणली, लाल दोऱ्यात ओवली, आणि फहाहीलच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गौरी बसवायला लागले. वर्षातून तीन दिवस ती पुतळी डब्यातून बाहेर यायची. बाकी दिवस मी तिच्याकडे बघतही नसे, पण ती आहे हे मला माहीत असे.

गौरीला साडी नेसवायचं काम चाचींचं. त्या आमच्याच इमारतीत एक मजला खाली राहायच्या. रायगडच्या खाडीकाठच्या, मुसलमान. त्यांच्या यजमानांचा, म्हणजे चाचांचा, शहराबाहेर अम्गऱ्यात भंगाराचा धंदा. पहिल्या वर्षी मी निऱ्यांशी झटापट करत असताना चाची खीर घेऊन वर आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर बाजूला." त्यानंतर चौदा वर्षं गौरीच्या निऱ्या त्यांनीच घातल्या. मुलींच्या लग्नात साड्या नेसवून त्यांच्या बोटांना वळण होतं. त्यांच्या हातची गौरी अशी उभी राहायची की बघणाऱ्यानं विचारावं, कुणी नेसवली? मी सांगायची, खालच्या चाचींनी. काहींच्या भुवया वर जायच्या. मला त्या भुवयांची गंमत वाटायची. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटायचं. ते मोठं मन किती मोठं होतं ते पुढं कळलंच.

त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी मला दुपारची ड्यूटी लागली. सकाळी आरती केली, अक्षता टाकून गौरी हलवल्या आणि पळाले. बाकीची आवराआवर चाची आणि माझा नवरा यांच्यावर सोडली. चाचींनी साडी उतरवून घडी घातली, मुखवटा त्याच्या डब्यात ठेवला, सगळे डबे बंद केले. नवऱ्यानं हार-फुलं पिशवीत भरली. तो लॅब टेक्निशियन आहे, रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावायला कधी चुकत नाही. घरात मात्र चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो.

पुतळी नाही हे कळलं ते दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला सोनं मांडायला पुतळीचा डबा उघडला, तर आत नुसता कापूस. मी नवऱ्याला विचारलं, हारात अडकून गेली नाही ना? तो म्हणाला, छे, मी हार झटकून बघितला होता. एवढ्या ठामपणे म्हणाला की मी पुढं विचारलंच नाही. मग डोकं दुसरीकडं चालायला लागलं. डबा शेवटी कुणी बंद केला?

मी तशीच खाली गेले. माझ्या जिभेला हाड नाही, हे वॉर्डातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चाची करंज्या तळत होत्या, आमच्याचसाठी. मी म्हटलं, "चाची, गौरीच्या पुतळीला शेवटचा हात तुमचाच लागला होता ना?"

वाक्य साधं होतं. सूर साधा नव्हता. चाचींनी गॅस बंद केला. आत गेल्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "बघ."

मी किल्ल्यांना हात लावला नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण त्या परत त्यांच्याकडे सरकवल्याही नाहीत. उभी राहिले, किल्ल्यांकडे बघत, आणि मग काहीतरी पुटपुटून वर आले. त्या संध्याकाळी करंज्या आल्या नाहीत.

पंधरा दिवस जिन्यात गाठ पडली की आम्ही दोघी भिंतीकडे बघायचो. मग एका गुरुवारी चाचा वर आले. हातात लांब दांड्याचं यंत्र, टोकाला ताटाएवढी चकती. मेटल डिटेक्टर. देश सोडून जाणाऱ्या कुणा गोऱ्या इंजिनिअरनं सामान विकलं, त्यात त्यांच्याकडे आलेलं. शुक्रवारी नमाजाच्या आधी दोन-तीन तास ते किनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्या शोधत फिरायचे. कुणाची ते कळलं तर परत द्यायचे. हा त्यांचा एकुलता एक शौक.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. नवऱ्याला विचारलं, फुलं कुठं टाकली होती? भंगारात माल कमी भरला की आधी चोर शोधायचा नसतो, म्हणाले. गाडी कुठं कुठं रिकामी झाली ते बघायचं असतं. मी आधी चोरच शोधला होता, म्हणून मी मान खाली घातली.

नवरा कसनुसा झाला. फुलं समुद्रात सोडतो, असं तो मला दरवर्षी सांगायचा. खरं निघालं वेगळंच. समुद्रात काही टाकलं आणि कुणी बघितलं तर दंड होईल, इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, भानगड होईल, ही त्याला धास्ती. आणि निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकवत नाही. म्हणून तो दर वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे किनाऱ्यावर जाऊन वाळूत खड्डा करून पुरायचा. चौदा वर्षं मी वाहत्या पाण्याच्या समाधानात होते आणि माझी फुलं वाळूखाली होती. आणि हार झटकलास का नक्की, असं चाचांनी शांतपणे विचारल्यावर तो म्हणाला, "झटकला असेल."

'असेल'. मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं. पण चाचींकडे करंज्यांच्या वासात उभी राहून बोलून आले ते मी. त्याच्या 'असेल'वर ते ढकलता येत नव्हतं.

जागा कुठली? एका छत्रीजवळ, तो म्हणाला, नारळाच्या झावळ्यांसारखं छप्पर असलेली. आम्ही गेलो तर किनाऱ्यावर छत्र्याच छत्र्या, आणि झाडणारा माणूस म्हणाला की उन्हाळ्यानंतर त्या हलवल्या आहेत.

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी मी आणि चाचा. नवऱ्याला मी मुद्दाम नेत नसे, तो प्रत्येक छत्रीकडे बोट दाखवायचा. मी घाटावरची, इथं येईपर्यंत समुद्र मला सिनेमातच दिसलेला. मला वाटायचं, यंत्र फिरवलं की सोनं वाजतं. चाचांनी मला किनारा वाचायला शिकवला. लाटा वाळू वाहून नेतात, पण जड वस्तू मागं ठेवतात. जिथं गळाला लावायची शिशाची वजनं सापडतात तिथंच अंगठ्या सापडतात, कारण जडाची संगत जडाशी. थंडीत बोटं आक्रसतात आणि अंगठी सैल होते, म्हणून हिवाळ्यात हरवलेलं पाण्यात सापडतं, उन्हाळ्यातलं वाळूत, तेल चोळतात तिथं. पायऱ्यांच्या खाली. चटई झटकतात तिथं. मुलं चेंडू खेळतात तिथं. पातळ सोन्याचा आवाज आणि थंड पेयाच्या डब्याच्या कडीचा आवाज सारखाच, म्हणून कडी समजून सोडून द्यायचं नाही. मी शेकडो कड्या उकरल्या. एका सकाळी कुणाची तरी साखरपुड्याची अंगठीही निघाली आणि मला आनंद झाला नाही.

एकदा कंटाळून मी म्हटलं, चाचा, एवढ्या वाळूत सोनं कुठं असेल कसं सांगायचं?

"सोना कुठं हाय ता नको इचारू, बाय," ते म्हणाले. "मानूस काम झाल्यावर कुठं जातो, ता इचार."

चाचींचं नाव त्या फेऱ्यांत आमच्यामध्ये कधी निघालं नाही. थर्मासमध्ये चहा मात्र दोघांपुरता असायचा, आणि तो घरून भरून यायचा. मी तो प्यायची.

डिसेंबर संपत आला. मला कळून चुकलं होतं की मी पुतळी शोधत नव्हते. आईची एक खूण गेली, वाईट वाटलं असतं, पुढं चाललं असतं. मला पुरावा हवा होता. चाचींच्या घरात गेल्यावर हातात काहीतरी असावं, म्हणजे नुसती माफी मागावी लागणार नाही. हे आज लिहिताना स्पष्ट दिसतं. तेव्हा मी त्याला पश्चात्ताप म्हणत होते.

काम झाल्यावर माणूस कुठं जातो? हा प्रश्न घेऊन मी आठवडाभर नवऱ्याकडे बघत राहिले. गाडीत बसण्याआधी तो बुटातली वाळू काढतो. स्मशानातून आल्यासारखा प्रत्येक ठिकाणाहून आल्यावर हातपाय धुतो. निर्माल्य पुरून आल्यावर तर धुतल्याशिवाय तो गाडीच्या स्टिअरिंगला हात लावणार नाही. म्हणजे नळ. छत्र्या हलल्या तरी नळ हलला नव्हता. पार्किंगच्या बाजूला, ठेंगण्या भिंतीच्या आडोशाला, जिथून त्याला गाडी दिसेल आणि तो कुणाला दिसणार नाही. पंधरा वर्षांच्या संसारात मी त्याच्याकडे इतकं नीट पहिल्यांदाच पाहिलं असेन.

त्या नळाजवळून आम्ही आधी दोनदा गेलो होतो. यंत्र गप्प होतं. चाचा खाली बसले, यंत्राचं बटण बघितलं. खिळ्या-पत्र्याचा त्रास नको म्हणून मी लोखंडाचा आवाज बंद करून ठेवला होता. त्यात जवळच्या पातळ सोन्याचा आवाजही दबतो, म्हणून त्यांनी तो चालू केला. म्हणाले, सगळं वाजू दे, निवड आपण करू.

भिंतीच्या कडेला यंत्र खरखरलं. मी उकरलं. रुपयाचं नाणं. आपला रुपया, गंजलेला, अंगठ्याच्या चित्राचा. मग आणखी एक. मग सुपारीचं काळं खांड, आणि तिसरा रुपया. गौरीपुढच्या विड्यावर मी दरवर्षी एक रुपया ठेवायची. नवरा विडाही फुलांबरोबर गोळा करायचा. एका हाताच्या अंतरात अकरा रुपये निघाले. तो चौदा वर्षं एकाच जागी पुरत होता आणि त्याला जागा आठवत नव्हती.

मग एक बारीक आवाज आला, कडीसारखा. मी कडी समजूनच उकरलं. वाळलेल्या देठांच्या भुग्यात काळपटलेला दोरा होता आणि दोऱ्याला पुतळी. पुसावीही लागली नाही. सोन्याला काही होत नाही.

मी रडले, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. पुतळी चाचांपुढं धरली. त्यांनी हात पाठीमागं घेतले. "माझ्या हातात नको," म्हणाले. "तिला दाखव." मग यंत्र खांद्याला लावून नमाजाची वेळ झाली म्हणत गाडीकडे गेले.

मी वाळूच्या पायांनीच चाचींच्या दारात उभी राहिले. त्यांनी आत घेतलं. ज्या टेबलावर त्यांनी किल्ल्या ठेवल्या होत्या त्याच टेबलावर मी पुतळी ठेवली. सगळं सांगितलं, नळ, भिंत, रुपये. सांगताना माझ्या आवाजात उत्साह आला होता, तोही मला ऐकू येत होता. शेवटी म्हटलं, "चाची, माझं चुकलं. पाया पडते तुमच्या."

त्यांनी मला वाकू दिलं नाही. पुतळीकडे बघून म्हणाल्या, बरं झालं, आईची आठवण हाय. चहा टाकला. माझ्या कपात नेहमीसारखी साखर कमी घातली. मला वाटलं, सुटले. मग समोर बसून त्यांनी विचारलं, रागानं नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून:

"नसती गावली तर?"

मी कप खाली ठेवला. नसती सापडली तर मी आयुष्यभर जिन्यात भिंतीकडे बघत राहिले असते, आणि त्यांच्या कपाटात ती आहे असं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात धरून ठेवलं असतं. त्यांनाही ते माहीत होतं. उठून त्यांनी कप आत नेले.

पुढच्या भाद्रपदात मी खाली जाऊन त्यांना बोलावलं. येतील की नाही वाटत होतं, पण आल्या, खीर घेऊन. दारापाशीच्या खुर्चीत बसल्या. पुतळी गौरीच्या गळ्यात होती, नव्या दोऱ्यात, दोन गाठी मारलेली. साडी अर्धी नेसवून झाली होती आणि निऱ्या माझ्या हातातून सुटत होत्या. एकदा सुटल्या, दुसऱ्यांदा सुटल्या. मी वळून म्हटलं, चाची, या ना.

त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट धरलेले.

"नको, बाय," त्या म्हणाल्या. "तूच कर."