पोटावरची पट्टी

कामतघरच्या नाक्यावर रविवारी ती चिंबोऱ्या विकायला बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. कुणी नर की मादी विचारलं, की ती चिंबोरी उलटी करून पोटावरची पट्टी दाखवायची. निमुळती असली तर नर, रुंद गोल असली तर मादी. "नर नांग्यांत भरतो, मादी पोटात," असं म्हणत ती वेणी घालावी तशी सुतळीने नांग्या बांधायची.

एकदा भरलेली मादी हवी म्हणून मीच एक दांडगी चिंबोरी निवडली. तिने ती उलटी केली. पट्टी निमुळतीही नव्हती आणि पुरती गोलही नव्हती.

"ही देनार न्हाय दादा. पोरगी हाय अजून, खाडीत सोडनार."

"एवढी मोठी तर दिसतेय!"

"मी पन मोठीच दिसायचे. म्हनून सातवीतनं काढून लगीन लावलं."

तिने चिंबोरीची सुतळी सोडली आणि ती वेगळ्या बादलीत टाकायला गेली, तोच चिंबोरीने तिचं बोट पकडलं. रक्त आलं. मी दचकलो, ती मात्र खुशीत हसली.

"चावू दे. मला तवा येवढंच जमलं न्हाय."