लाल काठाचा बोरा

चामोर्शीच्या बसस्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा आईनं खिडकीतून आत जी वस्तू फेकली ती पाहून मला कुठं तोंड लपवावं कळेना. जागा धरायला बाकीच्यांनी रुमाल टाकले, दुपट्टे टाकले, एकानं तर डोक्यावरची टोपी टाकली. आईनं बोरा टाकला. धानाचं पोतं उसवून अंथरायला केलेला, चारी बाजूंनी जुन्या लुगड्याचा लाल काठ शिवलेला. मी विलायतेला निघालेला कंप्यूटरवाला, अंगात गडचिरोलीच्या टेलरनं शिवलेला कोट, आणि माझ्या नावानं सीटवर ऐसपैस बसलेला हा बोरा.

"राहू दे, सोबत ने," आई खालून ओरडली. "तिकडं खाली बसाले लागते का नाई?"

"विमानात बोरा कोण नेते, आई?"

"तू ने. तुले कोन हटकते?"

मी तो गुंडाळला आणि खिडकीतूनच परत दिला. वाळवलेली लाखोळीची भाजी मात्र घेतली, कारण ती बॅगेच्या तळाशी लपत होती. बाबा काही बोलले नाहीत. गावच्या नाटकात ते न्यायाधीश होतात, त्यामुळं शेवटच्या अंकापर्यंत गप्प बसायची त्यांना सवयच आहे. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाले, "नाटकाले येजो."

एवढंच. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

गावात बसून हे वाचणाऱ्यांना नाटकाचं सांगायला नको. पण तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, आणि ज्यांच्या पोरांनी पाण्यानं भरलेली धानाची बांधी फक्त फोटोत पाहिली, त्यांच्यासाठी सांगतो. धान घरात आलं की मंडप पडतो आणि रात्रभर नाटक चालतं. त्या दिवशी दुपारपासूनच बाया जाऊन आपापले बोरे अंथरून येतात. ज्याचा बोरा त्याची जागा. माणूस दुसऱ्या अंकाला येवो, की जेवून, एक झोप काढून तिसऱ्या अंकाला. त्याच्या बोऱ्यावर कोणी टेकत नाही. मंडपात बाकी सगळ्या गोष्टींवरून भांडणं होतात, पण दुसऱ्याचा बोरा सरकवायची हिंमत मी कोणाची पाहिली नाही.

आता इकडची खबरबात.

इंग्लंडच्या उत्तरेकडं एका गावात राहतो आणि तासाभरावरच्या शहरात रोज आगगाडीनं कामाला जातो. काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधणं. त्यांच्या चुका शोधल्या की पगार मिळतो, माझ्या स्वतःच्या फुकटात होतात. पहिल्याच आठवड्यात सकाळी अख्ख्या रिकाम्या डब्यात एकच गृहस्थ बसलेले दिसले. बिचारा एकटा आहे, म्हणून मी जाऊन त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि डबा उघडून चिवडा पुढं केला. आपल्याकडं याला माणुसकी म्हणतात. ते गृहस्थ पुढच्या स्टेशनवर उतरले. पाठोपाठ मी खिडकीतून पाहिलं, तर ते मागच्या डब्यात चढत होते.

सकाळच्या त्या गाडीतूनच मी आईला फोन करायचो. तिकडं तेव्हा दुपारची जेवणं झालेली असायची. माणूस जितका लांब तितकं मोठ्यानं बोलायचं हा आईचा हिशेब, त्यामुळं कोणत्या म्हशीनं दूध चोरलं हे सगळ्या डब्याला कळायचं. एके दिवशी समोरच्या बाईनं काचेवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. तो शांत डबा होता. तिथं फोनवर बोलायचं नसतं. मी ओशाळून आईला सांगितलं, "आई, शांत डबा आहे, ठेवतो."

त्या दिवशी ते खरं होतं. पण पुढं असं व्हायला लागलं की आईनं "कधी येते तू?" विचारलं रे विचारलं की मी बसलेला डबा शांत होऊन जायचा. कोणताही असो. मागं पोरं गाणी म्हणत असायची, फेरीवाला चहा विकत असायचा, आणि मी तोंडावर हात धरून कुजबुजायचो, "आई, शांत डबा." काही दिवसांनी तर त्या मार्गावरचे सगळेच डबे शांत झाले.

आणि रविवारी? रविवारी मी म्युझियममध्ये फुकट राबतो. माळावर ठिकठिकाणची जुनी घरं दगड मोजून आणून पुन्हा उभी केली आहेत. त्यात चूल, पाळणा, दूध घुसळायची रवी, सगळं जिथल्या तिथं. स्वयंसेवकांच्या मुख्य जोनबाई सत्तरीच्या आहेत. मी खेड्यातला आहे हे कळल्यावर त्यांनी मोठ्या आनंदानं मला एक स्वयंपाकघर सोपवलं. तिथली मातीची जमीन भेगाळलेली पाहून माझ्या जिवाची उलघाल झाली. पाहुणे येणार आणि सारवलेलं नाही? शेण शोधलं, गाय नव्हती. तबेल्यात घोडे होते. मी घोड्याची लीद आणून, कालवून, बाह्या सरसावून अख्खं घर सारवलं. वर पिठाची रांगोळीही काढली.

जोनबाई दारात आल्या आणि नाकाला रुमाल लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. ती भेगाळलेली जमीन तशीच्या तशी जपायला तज्ज्ञ मंडळी आली होती म्हणे. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त माझं खातं बदललं.

तेव्हापासून माझ्याकडं एक खुर्ची आहे. त्या घरातल्या म्हातारीची, चुलीजवळची. तिला दोरी बांधलेली आहे, तरी लोक टेकायला जातात. मी शेजारी उभा राहून "कृपया बसू नका" म्हणतो. आईला हे सांगितलं तेव्हा तिला काही केल्या पटेना.

"कोनाची म्हातारी?"

"इथलीच. मरून शंभर वर्षं झाली असतील."

"मंग खुर्चीवर बसू काऊन नाई देत?"

"तिची आहे ना."

आई म्हणाली, "मेलेल्या म्हातारीकडं दर रविवारी जाते म्हन तू. बरं हाये बाबू. जात जा. तिले तरी बरं वाटन."

हसत म्हणाली. मीही हसलो. मग डबा शांत झाला.

मागच्या हिवाळ्यात बाबांनी जाहीर केलं की गुडघे साथ देत नाहीत, यंदाचा न्यायाधीश शेवटचा. आईनं फोनवर निरोप दिला, "बाबा म्हनून राह्यले, आता तरी ये." मी म्हणालो, सुट्टी नाही. सुट्टी होती, मंडळी. साहेबानं स्वतः विचारलं होतं, घरी जातोस का म्हणून. तो अख्खा आठवडा मी म्युझियमच्या हिवाळी जत्रेला दिला. डोक्यावर गवती टोपी घालून परक्या पोरांना सांगत होतो की जुन्या काळी खेड्यात माणसं एकमेकांना कशी धरून राहायची. लोक टाळ्या वाजवत होते. इथं मी शहाणा ठरतो, हे एक. आणि गावात पाय ठेवला की प्रत्येक ओट्यावरून एकच प्रश्न येणार, "आता कायमचा आला ना?" त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. शेवटी बाबांनी निकाल दिला, पडदा पडला, आणि मी तिथं नव्हतो.

चुलतभाऊ सुधीरनं नाटकाची सीडी पाठवली. शूटिंगवाला लग्नांचा होता, त्यामुळं त्यानं नाटकाचंही लग्नच केलं. बाबा फाशीची शिक्षा सुनावतात तेव्हा पडद्यावर चारी कोपऱ्यांतून गुलाबाची फुलं येतात आणि त्यांच्याभोवती बदामाचा आकार तयार होतो. मी ती सीडी किती वेळा पाहिली असेल सांगता येत नाही. कामावरून आलो की लावायची आणि रिमोटनं पळवत थेट शेवटच्या अंकावर जायचं. छत्रीच्या कापडाचा काळा झगा घातलेले बाबा येतात, वाक्य विसरतात, पडद्यामागं पाहतात, आणि विसरलेलं लपवायला टेबलावर हातोडा आपटतात. दर वेळी विसरलेलं वाक्य मी इथून पुरवतो आणि दर वेळी तेवढ्यात फुलं येतात.

एका शनिवारी रिमोटचे सेल गेले. बाहेर बर्फ, उठून दुकानात जायचा कंटाळा. म्हणून पहिल्यांदा नाटक सुरुवातीपासून पाहत बसलो. शूटिंगवाल्याला लग्नातले पाहुणे टिपायची सवय, तो दुसऱ्या अंकात नट सोडून प्रेक्षकांवर कॅमेरा फिरवत राहिला. ओळखीची तोंडं, मफलर, शाली, झोपलेली पोरं. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, लोक बांबूंना टेकून उभे होते. आणि मधोमध एक रिकामा चौकोन. लाल काठाचा.

शेजारी आई बसलेली. एक जाडजूड बाई आली, थकलेली दिसत होती, बोऱ्यावर टेकायला वाकली. आईनं हात आडवा धरला. त्या बाईनं हातवारे केले, एवढी गर्दी अन् ही रिकामी जागा, असं काहीतरी. आई तिला काहीतरी बोलली. आवाज ऐकू येत नाही, स्टेजवर खलनायक हसत होता. बाई निघून गेली. आईनं बोऱ्यावर पडलेली माती हातानं झटकली, काठ सरळ केला आणि पुन्हा नाटक पाहू लागली.

मी दुसऱ्या दिवशी म्युझियमला गेलो नाही.

सोमवारी सकाळी मुद्दाम गजबजलेल्या डब्यात चढलो आणि फोन लावला.

"आई, सीडीत तू दिसलीस."

"मी? कशी दिसली?"

"भांडताना."

"मंग मीच असन."

"ती बाई कोण होती?"

"पाहुनी होती कोनाची तरी. तिले काय मालूम."

"काय म्हणालीस तिला?"

"काय म्हनू? म्हटलं, पोरगा बसते तिथी. येऊन राह्यला. वाटेत हाये."

बोगदा आला, गेला. मी म्हणालो, "दर वर्षी टाकतेस तो बोरा?"

"तर काय घडी करून ठेवू?"

"बसू द्यायचं होतं गं तिला. एवढी गर्दी होती."

"काऊन? तू मेला का?"

हे तिनं इतक्या मोठ्यानं विचारलं की पलीकडच्या सीटवरच्या माणसानं पेपर खाली केला. आईच पुढं म्हणाली, "आज तुया डबा लय बोलून राह्यला, बाबू. शांतवाला सुटला का?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

"यंदा येतो आई," मी म्हणालो. तिनं फोन बाबांकडं दिला. बाबांनी घसा खाकरला. "आता मी काई स्टेजवर नसतो," ते म्हणाले. "खालीच बसतो. तुया बोऱ्यावर अर्धी जागा देजो."

रजा मंजूर झाली आहे. जोनबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तेवढे रविवार खुर्चीकडं कोण पाहील? मी म्हणालो, बसू द्या कोणाला तरी. ती म्हातारी आता काही येत नाही.

छत्रीच्या झग्यातले बाबा मला आता फक्त फुलांच्या चौकटीतच दिसतील, त्याला इलाज नाही. जाऊन मी काय सांगणार, कायमचा आलो की नाही, तेही ठरलेलं नाही. पण आई मंडपातल्या त्या बाईशी खोटं बोलली नव्हती, हे मला रोज सकाळी गाडीत बसल्यावर पटतं. मी इतकी वर्षं खरंच वाटेत होतो. गाडी तेवढी उलट्या दिशेनं जात होती.