निळा आधी, गुलाबी मागून

बिराजदार सर दर वर्षी नव्या वर्गाला तोच प्रश्न विचारत. "काचेच्या नळीत जेलचे बारीक मणी भरलेत. वरून दोन रेणू सोडले, एक मोठा, एक लहान. खालच्या तोटीतून आधी कोण बाहेर पडेल?"

"लहान!" अख्खा वर्ग एका सुरात सांगे. चाळणीतून बारीक पडतं, जाड वर राहतं, हे घरोघरी पाहिलेलं.

सर हसत. "माळेगावच्या जत्रेला गेलात ना? तिथं गर्दीतून उंट चालला तर तो कोणत्या पालात शिरतो का? त्याची मानच आत जात न्हाई. तो सरळ रस्त्यानं पार. अन् तुमच्यासारखी लेकरं? ह्या पालात बांगड्या, त्या पालात रेवड्या. उंट जत्रा ओलांडून झाडाखाली बसला तरी तुमचा पत्ता न्हाई! मण्यांना बारीक छिद्रं असतात. लहान रेणू छिद्राछिद्रात शिरत बसतो, म्हणून मागं राहतो. मोठा आधी."

मग सर पडदा सारत. खिडकीशी स्टँडला लावलेली ती नळी, म्हणजे कॉलम, त्यांनी स्वतः भरलेला. पांढऱ्या जेलवर ते हलक्या हातानं रंगीत थेंब सोडत. निळा डेक्स्ट्रान मोठा, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व लहान अन् गुलाबी. बघता बघता निळा पट्टा गुलाबीला मागं टाकून खाली उतरे. पोरंपोरी तोंडात बोट घालत. सर म्हणत, "झाला डेमो. रीडिंग लिहून घ्या." अन् पडदा पुन्हा ओढला जाई.

नांदेडच्या त्या कॉलेजात त्यांच्याइतकं जीव तोडून शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. पण त्या कॉलमला हात लावायची कोणाची टाप नव्हती. जीवरसायनच्या पुनम मॅडम चिडवत, "सर, आता हळद-कुंकू तेवढं वाहायचं राहिलंय बघा."

"वाहा की," सर म्हणत, "पण लांबून."

त्याला कारण होतं. सर नवे असताना त्यांनी मुलांच्याच हातून कॉलम भरून घेतला होता. ऐन परीक्षेत कोणीतरी तोटी उघडी ठेवून जेवायला गेलं. पाणी उतरून गेलं, जेल सुकलं, वाळल्या शेतासारख्या भेगा पडल्या. बाहेरून आलेले परीक्षक वर्गासमोर म्हणाले, "ह्याला प्रयोग म्हणता तुम्ही?" ते वाक्य सरांच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं. त्या दिवसापासून कॉलम सरांनी भरायचा, सरांनी चालवायचा, मुलांनी बघायचा.

अशा वर्गात शिवकन्या आली. किनवटकडच्या जंगलातल्या गावची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली. पहिल्या बाकावर बसायची, अन् उंटाच्या गोष्टीला सगळे हसत असताना ही मात्र नळीकडं बघायची.

"सर, मी एकदा भरून पाहू का?" तिनं पहिल्याच महिन्यात विचारलं. "तुम्ही नुसते बाजूला उभे राहा."

"परीक्षा होऊ दे, माय. मग भर."

परीक्षा झाली. "सर, आता?"

"आता समिती येणार आहे कॉलेज तपासायला. ती गेली की हा कॉलम तुझाच."

पोरीनं मान डोलावली. तिला खोटं वाटलं नाही, कारण सर खोटं बोलतच नव्हते. त्यांच्या घरीही नवे कप पाहुणे येऊन जाईस्तोवर कपाटातच असत.

शेवटच्या सत्रात ती धावतच प्रयोगशाळेत आली. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेनं तिला बोलावलं होतं. तोंडी परीक्षा, अन् शिवाय हातानं करून दाखवायची.

"प्रथिनं वेगळी करायला लावतात म्हणे, सर. कॉलम आपणच भरायचा. ह्या आठवड्यात एकदा तरी करू द्या."

"कधी आहे?"

"सोमवारी."

सरांची नजर पडद्याकडं गेली. समिती शनिवारी येणार होती. कॉलम त्यांनी नुकताच नव्यानं भरला होता, पट्टे कसे सुतासारखे सरळ उतरत होते. तो रिकामा करायचा अन् पुन्हा तसाच बसला नाही तर?

"अगं, तुला सगळं पाठ आहे. जेल भिजवायचं, फुगू द्यायचं, काचेच्या कांडीवरून धार धरून एका दमात ओतायचं. मधी थांबायचं न्हाई. थांबलं की सांधा पडतो. एवढंच तर आहे."

"हाव, सर," ती म्हणाली. "पाठ हाय."

शनिवारी समिती आली. सर पांढरा कोट घालून कॉलमजवळ उभे. तिघं जण आत आले. एकानं नळीकडं पाहून "छान" म्हटलं, दुसऱ्यानं आग विझवायचं नळकांडं कुठं आहे ते विचारलं, अन् चहा गार होतोय म्हणून सगळे बाहेर पडले. निळा पट्टा अजून अर्ध्यात होता.

मंगळवारी शिवकन्याचा फोन आला.

"थेरी सगळी आली, सर. त्यांनी विचारलं आधी कोण बाहेर येतं, तर मी उंट पण सांगितला. लई हसले ते."

"अन् कॉलम?"

ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं, मधी थांबायचं न्हाई. पण वरून सांडंल असं वाटलं अन् हात थांबला. मधोमध रेघ पडली, सर. पट्टा तिथं येऊन तिरपाच झाला."

"मग?"

"मग काय. त्यांनी दुसऱ्या पोराला बोलावलं."

तिनं सरांना एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढं कितीदा वाटलं.

शिवकन्या लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये लागली. पोरं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतात तिथं. मग सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. जेलच्या बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं, ते त्यांनी एक दिवस भिजायला घातलं अन् तिला फोन लावला.

"शिवकन्या, रविवारी नांदेडला ये. कॉलम भरू."

"अय्यो सर!" ती मोकळं हसली. "रविवारी पोरांची टेस्ट असती."

"मग पुढच्या?"

"दर रविवारी असती, सर." मग जरा थांबून, "पोरांना मी उंटच सांगून राहिले. तुमचं नाव घेऊन सांगते बघा."

"कॉलम कसा दाखवतेस?"

"फळ्यावर काढते की."

सरांनी "बरं, माय" म्हणून फोन ठेवला. बराच वेळ ते फुगलेल्या जेलकडं बघत बसले. त्या आठवड्यात तो कॉलम रिकामा करून तिला दिला असता तर काय गेलं असतं? जेल कुठं पळून जाणार होतं? पुन्हा ढवळून पुन्हा भरता येतं, हे तर ते स्वतःच दर वर्षी शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना कॉलमही रिकामा केला, पडदा काढून ठेवला अन् पहिल्या वर्षाच्या पोरांना नळीभोवती उभं केलं. "तनुजा, तू ओत."

तनुजा घाबरली. "मी? फुटलं तर?"

"ओत."

तिनं धार धरली. निम्मी नळी भरली तसा तिचा हात थबकला. सरांचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले. ते त्यांनी मागं घेतले अन् पाठीशी घट्ट धरले. "थांबू नको," ते म्हणाले, पण तोवर वेळ गेली होती. उरलेलं ओतलं तरी मध्ये रेघ दिसू लागली. निळा थेंब सोडला तर तो रेघेपाशी येऊन एका बाजूनं ओघळला. सगळी पोरं सरांच्या तोंडाकडं बघू लागली.

"बिघडलं, सर," तनुजा रडवेली झाली.

सर वाकून त्या तिरप्या पट्ट्याकडं बघत होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, फोटो घेतला, शिवकन्याचं नाव शोधलं. 'असंच झालं होतं का गं?' असं लिहिलं. वाचलं. मग एकेक अक्षर खोडून टाकलं अन् मोबाइल खिशात ठेवला.

"सर, आता मी ओतू?" मागून वीरेशनं विचारलं.

"जेल काढा. ढवळा," सर म्हणाले, अन् नळीपासून बाजूला सरकून त्यांनी वीरेशला जागा करून दिली.